विश्लेषण : मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच का? हेमू अधिकारी यांच्या आयुष्यातून काय उत्तर मिळते?

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरसारख्या गावातून मुलाला क्रिकेट शिकायला पाठवायचे म्हटले, की घरात पहिला प्रश्न येतो खर्चाचा आणि दुसरा प्रशिक्षकाचा. फी, किट, एसटीचे जाणे-येणे, बुडणारा अभ्यास हा सगळा हिशेब मांडून झाला, की अकादमीच्या फलकावरचे नाव पाहिले जाते. नावापुढे माजी रणजीपटू किंवा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू असे लिहिलेले असले, तर पालक तिथेच निम्मे पटलेले असतात. जो एवढे खेळला, तो शिकवणारही तसाच, हा आपला सरळ हिशेब. हा हिशेब खरा आहे का?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत निवृत्त क्वार्टरबॅकला फुटबॉल संघाचा प्रशिक्षक करावे का, यावर वर्षानुवर्षे वाद चालतो. दक्षिण अमेरिकेत तो मॅराडोनावरून झाला आणि भारतात कपिल देव यांच्यावरून. मराठी माणसाच्या आयुष्यात याचे उत्तर शोधायचे, तर पुण्यात जन्मलेल्या कर्नल हेमू अधिकारी यांच्याकडे पाहावे लागते. १९७१ मध्ये भारताने इंग्लंडला इंग्लंडमध्ये प्रथमच हरवले, तेव्हा ते संघाचे मॅनेजर होते. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत गारद झाला, तेव्हाही मॅनेजर तेच होते.

हेमू अधिकारी कोण होते?

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, १९३६-३७ च्या हंगामात, ते गुजरातकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. पुढे ते बडोद्याकडून आणि त्यानंतर सेनादलाकडून खेळले. मधल्या फळीतले फलंदाज आणि कव्हरमधले चपळ क्षेत्ररक्षक अशी त्यांची ओळख होती. प्रथम श्रेणीत त्यांनी १५२ सामन्यांत ४१.७४ च्या सरासरीने ८,६८३ धावा केल्या. त्यात १७ शतके आहेत आणि सर्वोच्च धावसंख्या नाबाद २३०. कसोटीतले आकडे त्या मानाने लहान आहेत : २१ सामने, ८७२ धावा, एक शतक.

एवढी गुणवत्ता होती, तर कसोटी फक्त २१ का?

याची दोन कारणे आहेत, आणि दोन्ही त्यांच्या हातातली नव्हती. पहिले दुसरे महायुद्ध. फलंदाजाची विशीतली वर्षे सर्वांत मोलाची असतात. अधिकारी यांच्या त्याच वर्षांत कसोटी क्रिकेट जवळपास बंद होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले, तेव्हा ते २८ वर्षांचे होते. दुसरे कारण लष्कराची नोकरी. तिथे कर्तव्य आधी आणि क्रिकेट नंतर. त्यामुळे भारतीय संघातली त्यांची हजेरी कधीच सलग राहिली नाही.

हे इथे सांगायचे कारण आहे. ज्याला संघातली जागा कायम मिळाली, त्याला खेळाची लय आपोआप सापडत जाते. ज्याला दर वेळी महिनोन्‌महिन्यांच्या खंडानंतर परत यावे लागते, त्याला शरीर तयार ठेवण्याची काहीतरी पद्धत शोधावी लागते. रोजचा व्यायाम, रोजचा सराव, ठरलेली वेळ. शिस्तीचे कर्नल म्हणून अधिकारी पुढे ओळखले गेले. त्या शिस्तीच्या मुळाशी पलटणीची कवायत जशी आहे, तशी ही गरजही असावी.

खेळाडू म्हणून त्यांची खासियत काय होती?

संघ अडचणीत असताना टिकून राहणे. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला विजय हजारे यांनी एकाच कसोटीत दोन शतके केली. त्यातल्या दुसऱ्या शतकाच्या वेळी समोर उभे राहून अधिकारी यांनी ५१ धावा केल्या. गोलंदाजीला लिंडवॉल आणि मिलर होते. लोकांच्या लक्षात हजारे राहिले आणि ते योग्यही होते. पण समोरच्या टोकाला कोणीतरी पाय रोवल्याशिवाय अशी शतके होत नाहीत.

त्यांच्या कारकिर्दीतले तीन मोठे प्रसंग दिल्लीच्या एकाच मैदानावर, फिरोजशाह कोटलावर घडले. पहिला नोव्हेंबर १९४८ मधला. वेस्ट इंडिजने ६३१ धावांचा डोंगर रचला होता. अधिकारी यांनी नाबाद ११४ धावा केल्या. तरीही भारताला फॉलोऑन मिळाला, तेव्हा दुसऱ्या डावातही ते नाबाद राहिले आणि सामना वाचला.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर १९५२ मधला. भारत आणि पाकिस्तान यांच्यातली ही पहिलीच कसोटी. भारताचा डाव संपत आला असताना अधिकारी आणि अकराव्या क्रमांकाचे गुलाम अहमद यांनी शेवटच्या विकेटसाठी १०९ धावा जोडल्या. अधिकारी नाबाद ८१, गुलाम अहमद ५०. भारताने सामना डावाने जिंकला. शेवटच्या विकेटचा हा भारतीय विक्रम २००४ मध्ये सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी ढाक्यात मोडला, म्हणजे तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

या भागीदारीत पुढच्या प्रशिक्षकाची चुणूक दिसते. अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूला सोबत घेऊन शतकी भागीदारी करणे हे एकट्याच्या कौशल्याचे काम नसते. समोरच्याला किती चेंडू खेळायला द्यायचे, केव्हा धाव नाकारायची आणि त्याचा धीर कसा टिकवायचा, हे सगळे त्यात येते. स्वतः खेळता खेळता दुसऱ्याला खेळवायचे असते.

आणि तिसरा प्रसंग?

तो फेब्रुवारी १९५९ मधला. वेस्ट इंडिजविरुद्धच्या त्या मालिकेत भारतीय क्रिकेटचा पुरता गोंधळ उडाला होता. पाच कसोटींत चार कर्णधार झाले : पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड आणि शेवटच्या सामन्यात हेमू अधिकारी. अधिकारी तेव्हा ३९ वर्षांचे होते. मालिका ०-३ अशी हातातून गेलेली होती. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या. एरवी क्वचितच गोलंदाजी करणाऱ्या या माणसाने त्या डावात तीन बळीही घेतले. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतले हेच तीन बळी. सामना अनिर्णित राहिला.

पुढच्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद दत्ता गायकवाड यांच्याकडे गेले आणि तो दौरा भारताने ०-५ असा गमावला. अधिकारी पुन्हा कसोटी खेळले नाहीत. कर्णधार म्हणून एक सामना आणि तोच शेवटचा.

शिकवण्याची सुरुवात कुठे झाली?

कसोटी संघाच्या बाहेर, सेनादलाच्या संघात. मुंबई, बडोदा किंवा होळकरांच्या संघांकडे त्या काळी नावाजलेले खेळाडू होते. सेनादलाकडे होते ते नोकरी सांभाळून खेळणारे जवान आणि अधिकारी, आणि त्यांच्या बदल्याही होत. अशा संघाला घेऊन हेमू अधिकारी यांच्या नेतृत्वाखाली सेनादलाने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. पहिल्या वर्षी मुंबईने हरवले आणि दुसऱ्या वर्षी बडोद्याने. करंडक आला नाही. पण त्याच काळात सेनादलाच्या संघातून सुरेंद्रनाथ यांच्यासारखा मध्यमगती गोलंदाज भारतीय संघात पोहोचला.

प्रशिक्षक म्हणून अधिकारी यांची घडण इथे झाली, असे म्हणता येते. संघात तारे नसले की कर्णधाराला सुधारता येण्यासारख्या गोष्टी शोधाव्या लागतात. फलंदाजाचे मनगट एका हंगामात बदलत नाही. पण पळणे, झेल, थ्रो, दम आणि वेळ पाळणे या गोष्टी सुधारता येतात, आणि जवानांच्या संघात त्या लवकर सुधारतात.

१९७१ मध्ये मॅनेजरचे काम नेमके काय असे?

आज भारतीय संघासोबत मुख्य प्रशिक्षक असतो. फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षणाचे वेगळे प्रशिक्षक असतात. फिजिओ, ट्रेनर आणि व्हिडीओ विश्लेषकही असतात. १९७१ मध्ये यातले काही नव्हते. दौऱ्यावर मॅनेजर जात असे. तिकिटे, हॉटेल, खर्चाचा हिशेब, स्वागत समारंभातली भाषणे आणि पत्रकार हे सगळे त्याच्या गळ्यात. तो क्रिकेट जाणणारा असला तर नेटमध्येही उभा राहायचा.

खेळाडूही पूर्ण वेळ व्यावसायिक नव्हते. कर्णधार अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते, आणि इतर अनेकांचेही असेच होते. हा संघ नुकताच वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकून आला होता. त्या दौऱ्याचे मॅनेजर केकी तारापोर होते. म्हणजे जिंकू शकणारा संघ अधिकारी यांना तयार मिळाला होता. श्रेय वाटताना हे विसरून चालणार नाही.

अधिकारी यांनी त्यात भर घातली ती कवायतीची. सकाळचा व्यायाम, पळणे आणि क्षेत्ररक्षणाचा रोजचा सराव. फलंदाजी-गोलंदाजी झाली की सराव संपला, असे मानण्याची सवय असलेल्या भारतीय क्रिकेटमध्ये ही नवी गोष्ट होती.

त्यांचा भर क्षेत्ररक्षणावरच का होता?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. भारताकडे खरा वेगवान गोलंदाज नव्हता. बळी घ्यायचे होते ते बेदी, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या फिरकी गोलंदाजांनी. वेगवान गोलंदाज फलंदाजाचा त्रिफळा उडवू शकतो. फिरकी गोलंदाजाचे बरेचसे बळी बॅट-पॅडला लागून उडालेल्या झेलांचे असतात. समजा, एका डावात फिरकीने बारा संधी निर्माण केल्या. त्यातल्या सहा पकडल्या तर प्रतिस्पर्ध्याचे चार फलंदाज अजून खेळत राहतात. दहा पकडल्या तर डाव संपतो. गोलंदाजी तीच, खेळपट्टी तीच, निकाल मात्र उलटा. फिरकीची धार वाढवायची असेल तर गोलंदाजाइतकेच लक्ष त्याच्याभोवतीच्या हातांकडे द्यावे लागते.

त्या हातांमध्ये सर्वांत पुढे होते एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा हेल्मेटच्या आधीच्या काळात फलंदाजापासून काही फुटांवर, शॉर्ट लेगला उभा राहायचा. सोलकर यांच्या नावावर २७ कसोटींत ५३ झेल आहेत. हे कौशल्य त्यांना कोणी दिले नव्हते, ते त्यांचेच होते. पण सोलकर, वाडेकर, वेंकटराघवन आणि अबिद अली यांचा जवळचा घेरा एकत्र कसून तयार होणे हे सरावाचे काम होते. आणि जो माणूस स्वतः कव्हरमध्ये उभा राहून वर्षानुवर्षे हेच करत आला होता, त्याला ते करून घेता आले.

ओव्हलवर काय घडले?

तीन कसोटींची मालिका होती. पहिल्या दोन अनिर्णित राहिल्या. तिसऱ्या कसोटीत ओव्हलवर इंग्लंडने ३५५ आणि भारताने २८४ धावा केल्या. म्हणजे भारत ७१ धावांनी मागे होता. दुसऱ्या डावात मात्र इंग्लंड १०१ धावांत संपले. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले. ॲलन नॉट यांचा पुढे झेपावून सोलकर यांनी घेतलेला झेल आजही दाखवला जातो. १७३ धावांचे लक्ष्य भारताने चार गडी राखून गाठले. तारीख होती २४ ऑगस्ट १९७१. इंग्लंडमधला भारताचा हा पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजय.

अधिकारी तेव्हा ५२ वर्षांचे होते. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते उपकर्णधार होते. त्या दौऱ्यात मँचेस्टरला भारत एकाच दिवसात दोनदा, ५८ आणि ८२ धावांत बाद झाला होता, आणि त्या संघात ते खेळले होते. त्याच देशात १९ वर्षांनी जिंकणाऱ्या संघाचे मॅनेजर म्हणून ते उभे होते.

हे यश त्यांचे किती होते?

इथे थोडे थांबायला हवे. त्याच मालिकेत लॉर्ड्सवर १८३ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ८ बाद १४५ झाली होती. तेव्हा पाऊस आला. मँचेस्टरला लक्ष्य ४२० होते आणि भारत ३ बाद ६५ वर होता. तेव्हा शेवटचा अख्खा दिवस पावसाने वाहून गेला. पाऊस पडला नसता तर ओव्हलच्या आधीच मालिकेचे चित्र वेगळे असते. इंग्लंडलाही लॉर्ड्सवर दोनच बळी हवे होते आणि मँचेस्टरला सात.

म्हणजे १९७१ च्या विजयात वाडेकर यांचे डावपेच होते, चंद्रशेखर यांचे मनगट होते, झेल होते आणि पाऊसही होता. त्यातल्या झेलांवर मॅनेजरचा हात पोहोचत होता. पावसावर नाही, आणि चंद्रशेखर यांच्या मनगटावरही नाही.

मग १९७४ मध्ये काय झाले?

तीनच वर्षांनी जवळपास तोच संघ, तोच कर्णधार आणि तोच मॅनेजर इंग्लंडला गेला. मँचेस्टरला भारत ११३ धावांनी हरला. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताने पहिल्या डावात ३०२ केल्या आणि दुसऱ्या डावात, २४ जून रोजी, १७ षटकांत ४२ धावांत सर्व बाद. ख्रिस ओल्ड यांनी पाच आणि जेफ अरनॉल्ड यांनी चार बळी घेतले. जखमी चंद्रशेखर फलंदाजीला येऊ शकले नाहीत. त्या ४२ पैकी नाबाद १८ एकट्या सोलकर यांच्या होत्या. बर्मिंगहॅमलाही डावाने पराभव झाला आणि मालिका ०-३ अशी गेली.

मैदानाबाहेरही सगळे बिनसले. लंडनमध्ये भारतीय उच्चायुक्तांच्या घरच्या समारंभाला संघ उशिरा पोहोचला आणि यजमानांनी नाराजी दाखवून त्यांना माघारी पाठवले. संघात बेबनाव असल्याच्या बातम्या आल्या. दौऱ्यात दिलेल्या टीव्ही मुलाखतीवरून बिशनसिंग बेदी यांना पुढे वेस्ट इंडिजविरुद्धच्या बंगळुरू कसोटीतून वगळण्यात आले. १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरमध्ये उभारलेल्या सिमेंटच्या भल्यामोठ्या बॅटची लोकांनी नासधूस केली. वाडेकर कर्णधारपदावरून गेले आणि लवकरच निवृत्तही झाले.

माणूस तोच, पद्धत तीच. मग निकाल वेगळा का?

एक कारण हवामानाचे. १९७१ च्या कसोटी २२ जुलै ते २४ ऑगस्ट या काळात झाल्या. इंग्लंडमध्ये तोपर्यंत उन्हाळा मुरलेला असतो, खेळपट्ट्या कोरड्या पडू लागतात आणि फिरकीला वाव मिळतो. १९७४ च्या कसोटी ६ जूनपासून सुरू झाल्या. हंगामाचा पहिला अर्धा, थंडी, ओलावा आणि स्विंग होणारा चेंडू. फिरकी गोलंदाजांचे हात गारठलेले आणि आपले फलंदाज ओल्ड-अरनॉल्डसमोर उघडे. क्षेत्ररक्षणाच्या कवायतीने स्विंग खेळता येत नाही.

दुसरे कारण माणसांचे. १९७१ मधल्या खेळाडूंना काहीतरी सिद्ध करायचे होते. १९७४ मध्ये तेच खेळाडू देशाचे नायक झालेले होते. पलटणीत हुकूम सुटला की काम होते. पण आपापले मत असलेल्या प्रौढ, प्रसिद्ध खेळाडूंच्या संघात शिस्त लावायला हुकूम पुरत नाही, मन वळवावे लागते. जी शिस्त जिंकताना सगळ्यांना पोषक वाटते, तीच हरताना जाच वाटू लागते.

मग १९७४ चा दोष एकट्या मॅनेजरचा का? तो तसा नव्हता, जसे १९७१ चे श्रेयही एकट्याचे नव्हते. प्रशिक्षकाचा हात कुठवर पोहोचतो, हे या दोन दौऱ्यांतून शेजारी शेजारी दिसते. तयारी, दम, झेल आणि वेळ पाळणे इथवर तो पोहोचतो. समोरच्या संघाचा दर्जा, हवा, नशीब आणि खेळाडूंमधले आपापसातले संबंध यांच्यापर्यंत तो फार थोडा पोहोचतो.

त्यानंतर अधिकारी यांनी काय केले?

त्यांनी शिकवणे सोडले नाही. सत्तरच्या दशकात होतकरू खेळाडूंची शिबिरे घेणारे कडक शिक्षक म्हणून त्यांचे नाव झाले. सुनील गावस्कर, सय्यद किरमाणी, कपिल देव आणि रवी शास्त्री यांच्या जडणघडणीत त्यांचा वाटा सांगितला जातो. या खेळाडूंचे आपापले गुरू होते, पण शिबिरात तंदुरुस्ती आणि क्षेत्ररक्षण यांना पहिली जागा देण्याची सवय अधिकारी यांनी लावली. १९७४ च्या ४२ धावांनी त्यांचे नाव संपवले नाही, कारण त्यांचे खरे काम दौऱ्यांपेक्षा या शिबिरांत होते. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हाताखाली जिंकलेले आणि हरलेले वाडेकर नव्वदच्या दशकात स्वतः भारतीय संघाचे मॅनेजर झाले. १९९३ मध्ये त्यांच्या काळात भारताने मायदेशी इंग्लंडला ३-० असे हरवले. तेव्हाही हत्यार फिरकीचेच होते.

बाकी जगाचा अनुभव काय सांगतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावरचा सूत्रधार. चेंडू कोणाकडे टाकायचा, हे तो क्षणात ठरवतो. म्हणून तो प्रशिक्षकही होईल, असे वाटणे साहजिक आहे. ग्रीन बे पॅकर्सचे बार्ट स्टार हे पहिले दोन सुपर बोल जिंकणारे क्वार्टरबॅक. त्याच संघाचे ते १९७५ ते १९८३ अशी नऊ वर्षे प्रशिक्षक होते. त्यांच्या साखळी सामन्यांची नोंद ५२ विजय, ७६ पराभव आणि तीन बरोबरी अशी आहे.

मॅराडोना यांच्या प्रशिक्षणाखाली अर्जेंटिना २०१० च्या विश्वचषकात जर्मनीकडून ०-४ असा हरला. उलट जर्मनीच्या बेकेनबाउर यांनी १९७४ चा विश्वचषक कर्णधार म्हणून आणि १९९० चा प्रशिक्षक म्हणून जिंकला. एसी मिलानला दोनदा युरोपियन करंडक जिंकून देणारे अरिगो साक्की तर कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेच नव्हते.

आपल्याकडेही असेच आहे. कपिल देव यांची प्रशिक्षकपदाची कारकीर्द वर्षभरात संपली. त्या काळात भारत ऑस्ट्रेलियात ०-३ आणि मायदेशी दक्षिण आफ्रिकेकडून ०-२ असा हरला. ग्रेग चॅपेल फलंदाज म्हणून महान, पण त्यांच्या काळात २००७ च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला. मेहनती सलामीवीर म्हणून ओळखले गेलेले गॅरी कर्स्टन २०११ मध्ये विश्वविजेत्या संघाचे प्रशिक्षक होते. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले आणि त्यांनी सचिन घडवला. अपवाद सांगायचा तर राहुल द्रविड. खेळाडू म्हणूनही अव्वल आणि २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात प्रशिक्षक म्हणूनही यशस्वी. पण द्रविड यांची फलंदाजीही घोटून घोटून तयार झालेली होती.

याचे कारण काय?

इंजिनीअरिंगच्या वर्गात बसलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. ज्या प्राध्यापकांना गणित एका नजरेत सुटते, ते फळ्यावर मधल्या तीन पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहितात. विद्यार्थी वहीत उत्तर उतरवून घेतो आणि परीक्षेत अडकतो. प्राध्यापकांचे ज्ञान कमी नसते. त्या पायऱ्या आपण कधी चढलो, हेच त्यांना आठवत नाही. स्वतः दोनदा नापास होऊन तो विषय सोडवलेला सीनियर मात्र नेमके कुठे चुकते, ते दाखवतो.

खेळातही तसेच आहे. जे उपजत मिळाले ते सांगता येत नाही. जे पायरी-पायरीने कमावले ते शिकवता येते. अधिकारी यांच्याकडे कव्हरमधली चपळाई होती, पण युद्ध आणि नोकरीच्या खंडांतून ती टिकवण्यासाठी त्यांना पद्धत लागली. ती पद्धत ते दुसऱ्याला देऊ शकले. ओल्या खेळपट्टीवर स्विंग खेळण्याची पद्धत १९५२ मध्ये त्यांच्या संघालाही सापडली नव्हती आणि १९७४ मध्येही सापडली नाही.

लोणी भापकरच्या पालकाने मग काय पाहावे?

बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर २०२० मध्ये रणजी सामना झाला. मोठे क्रिकेट आता तालुक्यापर्यंत आले आहे आणि त्याबरोबर अकादम्यांचे फलकही. फलकावरचे नाव खोटे नसते, पण ते अर्धेच उत्तर देते. उरलेल्या अर्ध्यासाठी एक संध्याकाळ मैदानाच्या कडेला बसावे लागते.

मुलाचा झेल सुटला तर प्रशिक्षक ओरडतो, की हात कुठे होते ते दाखवून पुन्हा दहा चेंडू देतो? स्वतःचे जुने सामने सांगतो, की मुलाचे पाय पाहतो? सगळा वेळ दोन चांगल्या फलंदाजांना जातो, की शेवटच्या रांगेतल्या मुलालाही झेल मिळतात? पळणे आणि क्षेत्ररक्षण रोज होते, की वेळ उरली तरच? एवढी चार उत्तरे मिळाली, की महिन्याची फी भरायची की नाही हे ठरवता येते.

२१ कसोटी खेळलेल्या हेमू अधिकारी यांचे नाव कोणत्याही फलकावर शोभले असते. पण १९७१ च्या संघाच्या कामी आली ती त्यांची ११४ धावांची खेळी नव्हे, तर रोज सकाळी झेलांच्या सरावाला वेळेवर उभे राहण्याची त्यांची सवय.